हंगेरीचें गाणें आणि हंगेरीचा चित्रपट

१९०४ सालच्या उन्हाळ्यांत बेला बार्टोक हा तेवीस वर्षांचा तरुण पियानोवादक त्या वेळच्या उत्तर हंगेरींतील एका खेड्यांत मुक्कामाला होता. शेजारच्या खोलींत मुलांना सांभाळणारी एक दासी गात होती. तिचें नांव लिदी डोशा. ती मूळची दूरच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतांतील. तिचें गाणें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. आजीच्या तोंडून तें तिच्या तोंडीं आलें होतें. बार्टोकनें तें ऐकलें, टिपून घेतलें, आणि ज्या संगीताला आजवर आपण हंगेरियन म्हणत आलों तें खरोखर हंगेरियन आहे काय, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला. हंगेरीचा कलात्मक चित्रपट आज जगभरचे रसिक आदरानें पाहतात. त्या चित्रपटाचा उगम शोधूं गेल्यास वाट शेवटीं ह्या शेजारच्या खोलीपाशीं येऊन पोंचते.

त्या काळीं हंगेरियन संगीत म्हणजे शहरांतील उपाहारगृहांतून जिप्सी वादकांचे ताफे वाजवीत तें संगीत, अशीच युरोपची समजूत होती. खुद्द फ्रांट्स लिस्टसारख्या थोर संगीतकारानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हेंच मत मांडलें होतें. जिप्सी वादकांचें कौशल्य वादातीत होतें. परंतु ते जीं गाणीं वाजवीत, त्यांतील पुष्कळशीं नागर वर्गांतील हौशी रचनाकारांनीं अलीकडे रचलेलीं होतीं. शेतकऱ्याच्या घरांत, जात्यापाशीं आणि पाळण्यापाशीं कोणतें गाणें चालतें, हें कोणीं फारसें विचारलेंच नव्हतें. बेला वीकार नांवाच्या विद्वानानें १८९० नंतरच्या दशकांत फोनोग्राफ घेऊन खेडीं पालथीं घालण्यास आरंभ केला होता, तेवढाच काय तो अपवाद.

१९०५ पासून झोल्तान कोदाय आणि त्याच्या पाठोपाठ बार्टोक असे दोघे त्या वाटेला लागले. १९०६ सालीं दोघांनीं मिळून वीस लोकगीतांचा एक लहानसा संग्रह प्रसिद्ध केला. एडिसनचें यंत्र, मेणाचीं नळकांडीं आणि वही एवढ्या सामग्रीवर ते गांवोगांव हिंडूं लागले. हें काम वाटतें तितकें काव्यमय नव्हतें. १९०७ सालच्या एका पत्रांत बार्टोकनें एका खेडवळ बाईशीं झालेला आपला संवाद मोठ्या विनोदानें लिहून ठेवला आहे. तो जुनें गाणें मागतो, ती देवाचें गाणें पुढें करते. तो पुन्हां जुनें मागतो, तर ती बाजारांतून आलेलें नवें गाणें आठवते. ह्या चिकाटीचें फळ मात्र अपूर्व होतें. हंगेरियन गाण्याचा जो सर्वांत जुना थर सांपडला, तो पांच स्वरांचा निघाला. षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल निषाद ह्या स्वरांवर तीं गाणीं उभीं आहेत. मराठी श्रोत्याच्या कानावर तीं पडलीं, तर धानी रागाची आठवण त्याला झाल्यावांचून राहणार नाहीं. भोवतालच्या जर्मन व स्लाव्ह भाषांशीं नातें नसलेली ही हंगेरियन भाषा जशी पूर्वेकडून आली, तसेंच हें गाणेंही पूर्वेचें कांहीं घेऊन आलें असावें, असें कोदायनें पुढें साधार दाखविलें.

येथें ह्या कथेंत तिसरा एक मनुष्य येतो. त्याचें नांव बेला बालाज. बेला हें नांव मराठी कानाला मुलीचें वाटतें. हंगेरींत मात्र तें पुरुषाचें असून ह्या इतिहासांत पावलोपावलीं भेटतें. बालाजचा जन्म १८८४ सालीं सेगेद शहरीं झाला. हर्बर्ट बाउअर हें त्याचें जन्मनांव. बुडापेस्टच्या विद्यार्थिगृहांत तो कोदायच्या खोलींतला सोबती होता, आणि त्या ओळखीनें बार्टोकबरोबर गाणीं जमविण्यासाठींही हिंडला होता. तो स्वतः कवि. लोकगीतांतील आठ अक्षरांच्या चरणाची चाल त्यानें उचलली, आणि त्या चालींत निळ्या दाढीच्या सरदाराची जुनी युरोपीय कथा नाट्यरूपानें लिहिली. बार्टोकनें १९११ सालीं तिला संगीत दिलें. गड एक, बंद दारें सात, आणि गाणारीं पात्रें फक्त दोन. ह्या तासाभराच्या संगीतनाटकांत हंगेरियन भाषा प्रथमच आपल्या बोलण्याच्या लयींत गाऊं लागली. परीक्षकांना तें पसंत पडलें नाहीं. बुडापेस्टच्या रंगमंचावर तें यावयास १९१८ साल उजाडलें.

पुढच्याच वर्षीं राज्य उलथलें. १९१९ सालच्या वसंत ऋतूंत हंगेरींत साम्यवादी प्रजासत्ताक स्थापन झालें. ते जेमतेम साडेचार महिने टिकलें; परंतु तेवढ्या अवधींत त्यानें देशांतील सारा चित्रपटधंदा सरकारच्या मालकीचा करून टाकला. रशियानें हें पाऊल टाकलें तें त्यानंतर. प्रजासत्ताक कोसळल्यावर जी सूडाची लाट आली, तींत कलावंतांची एक पिढीच्या पिढी देशाबाहेर फेंकली गेली. पुढें इंग्लंडांत नांवारूपाला आलेला अलेक्झांडर कोर्डा आणि अमेरिकेंत गाजलेला मायकेल कर्टिझ हे दोघेही त्याच वर्षीं मायदेश सोडून गेले. बालाजनें प्रजासत्ताकाच्या कारभारांत भाग घेतला होता. त्यांतून तो जन्मानें ज्यू. त्यानें व्हिएन्ना गांठलें. नव्या राजवटीच्या लेखीं त्याचें नांवही उच्चारण्यायोग्य राहिलें नाहीं. संगीतनाटकाच्या जाहिरातींतून लेखकाचें नांव गाळावें, असा दबाव बार्टोकवर आणण्यांत आला. नांव गाळून प्रयोग लावण्याची सोपी वाट समोर होती. परंतु ती घेतली गेली नाहीं, आणि १९३६ पर्यंत हें नाटक बुडापेस्टच्या रंगमंचावर पुन्हां आलें नाहीं. सतरा वर्षें आपली सर्वांत मोठी रंगभूमीवरील कृति मुकी ठेवणें संगीतकाराला किती जड गेलें असेल, ह्याची कल्पनाच करावी.

व्हिएन्नांत बालाज वर्तमानपत्रांत चित्रपटांचीं परीक्षणें लिहूं लागला, आणि १९२४ सालीं त्यानें आपला पहिला चित्रपटविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रपट म्हणजे जत्रेंतील करमणूक, असें मानण्याचे ते दिवस. बालाजनें त्या वेळीं असें प्रतिपादन केलें कीं, छापखान्याच्या शोधानंतर माणसानें आपलें सारें मन शब्दांत कोंडून घातलें आणि चेहरा व शरीर हीं मुकीं झालीं. चित्रपट तीं पुन्हां बोलकीं करीत आहे. समीपदृश्यांत पडदाभर दिसणारा मानवी चेहरा हा त्याच्या विवेचनाचा मध्यबिंदु होता. हा विचार त्याला कोठून सुचला असावा, ह्याचें उत्तर त्याच्या तरुणपणांत सांपडतें. फोनोग्राफच्या कर्ण्यापुढें उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या शेतकरणीचा कंप पावणारा आवाज ज्यानें ऐकला, त्याला यंत्र हें माणुसकीचें शत्रु वाटलें नाहीं. स्वरलिपींत जें मावत नाहीं, तें मेणाच्या नळकांड्यांत टिकतें; शब्दांत जें मावत नाहीं, तें फितीवर टिकतें. एका यंत्रानें गळा जपला, दुसऱ्यानें मुद्रा.

पुढें बर्लिनमध्यें बालाजनें लेनी रीफेनश्टालच्या १९३२ सालच्या ‘निळा प्रकाश’ ह्या चित्रपटाची कथा रचण्यांत मोठा वांटा उचलला. नाझी सत्तेवर आल्यावर त्या चित्रपटाच्या नामावळींतूनही त्याचें नांव पुसण्यांत आलें. दोन देशांत, दोन कलाकृतींवरून, एकाच माणसाच्या नांवावर असा बोळा फिरला. तोंवर तो मॉस्कोला पोंचला होता. इकडे हंगेरींत शहरी सुखवस्तु घरांतील गंमतीजमतीचे बोलपट जोरांत होते. त्या गर्दींत ‘होर्तोबाज्य’ हा १९३६ सालचा चित्रपट वेगळा उठून दिसतो. अफाट कुरणांत घोडे राखणाऱ्या खऱ्याखुऱ्या गुराख्यांना घेऊन तो काढलेला होता. कथा थोर कादंबरीकार झिग्मोंद मोरित्स ह्याची, आणि संगीत होतें लास्लो लायता ह्याचें. लायता हा बार्टोक-कोदायांच्याच परंपरेंतील लोकगीतसंग्राहक. खेड्यांतील गाण्यानें पडद्यावर पाऊल टाकलें तें असें.

१९४० सालीं बार्टोकनें फॅसिझमच्या छायेखालील मायदेश सोडला. १९४५ च्या सप्टेंबरांत तो न्यूयॉर्क येथें वारला. त्याच वर्षीं बालाज सव्वीस वर्षांनंतर उद्ध्वस्त बुडापेस्टला परतला. १९४७ सालीं त्याच्या सहकार्यानें लिहिलेला व गेझा राद्वान्यीनें दिग्दर्शित केलेला ‘कोठेंतरी युरोपांत’ हा चित्रपट तयार झाला. युद्धांत अनाथ झालेल्या मुलांची एक टोळी चोऱ्यामाऱ्या करीत भटकत असते. एका पडक्या गडावर तिला एक वृद्ध संगीतकार भेटतो. मुलें प्रथम त्याच्या जिवावर उठतात. पुढें तोच त्यांना स्वातंत्र्याचें गाणें शिट्टीवर वाजवावयास शिकवितो. गड आणि गाणें ह्या दोन गोष्टी बालाजच्या आयुष्यांत अशा दोनदां आल्या. १९११ च्या गडावर दारें उघडत जातात तसतसा अंधार वाढतो. १९४७ च्या गडावर मात्र पोरक्या पोरांना घर मिळतें. पुढें १९४८ सालीं चित्रपटधंदा पुन्हां सरकारच्या हातीं गेला, आणि नव्या राजवटीनेंही बालाजला हळूहळू बाजूस सारलें. १९४९ च्या मे महिन्यांत त्याचें निधन झालें.

ह्यानंतरच्या काळांत हंगेरियन कलावंतापुढें एक विलक्षण पेंच उभा राहिला. सरकार पैसा पुरवी, स्टुडिओ देई, कलावंतांना पगार देई. आणि नको तें दृश्य कापूनही टाकी. लोकगीतांना सरकारी प्रतिष्ठा मिळाली, पण ती सभांच्या मिरवणुकींत. शेतकऱ्याचें गाणें शेतकऱ्याला न विचारतां फलकासारखें उंच धरलें जाऊं लागलें. १९५६ सालीं झोल्तान फाब्रीनें ‘पाळणा’ हा चित्रपट काढून गाण्याला पुन्हां माणसाच्या अंगांत आणलें. जत्रेंतील चक्री पाळणा आणि लग्नघरांतील बेभान नाच हीं त्यांतील दोन दृश्यें विसरतां येत नाहींत. जमिनीच्या तुकड्यासाठीं मुलीचें लग्न ठरविणाऱ्या बापाविरुद्ध ती मुलगी शब्दांनीं बोलत नाहीं. ज्याच्यावर तिचें मन आहे त्याच्याबरोबर ती सर्वांसमक्ष नाचते. त्याच वर्षींच्या शरदांत बुडापेस्टमध्यें उठाव झाला आणि रशियन रणगाड्यांनीं तो चिरडला.

उठावानंतरच्या राजवटीचें सांस्कृतिक धोरण तीन क्रियापदांत सांगतां येतें. कांहीं कलाकृतींना आधार द्यावयाचा, कांहीं सहन करावयाच्या, कांहींवर बंदी घालावयाची. हंगेरियन भाषेंत हे तिन्ही शब्द ‘त’ ह्याच अक्षरानें सुरू होतात, म्हणून लोक त्याला ‘तीन त’ म्हणत. पेतेर बाचो ह्याचा ‘साक्षीदार’ हा विनोदी चित्रपट १९६९ सालीं पुरा झाला. बनावट खटल्यांची थट्टा त्यांत असल्यामुळें प्रेक्षकांसमोर यावयास त्याला सुमारें दहा वर्षें वाट पाहावी लागली. ज्यांना बोलावयाचें होतें, त्यांनीं तेव्हां इतिहासाच्या आडून बोलण्याची कला कमावली.

मिक्लोश यांचो हा त्या कलेंतला अग्रणी. १९६६ सालच्या त्याच्या ‘गरीब पोरें’ ह्या चित्रपटांत १८४८ च्या क्रांतीनंतर वीस वर्षांनीं उजाड माळावरील कोंडवाड्यांत डांबलेले बंडखोर आहेत. छळापेक्षां युक्तीनें, मारहाणीपेक्षां संशय पेरून त्यांना एकमेकांचीं नांवें सांगावयास लावलें जातें. ह्या चित्रपटाचा अलीकडील घटनांशीं कांहीं संबंध नाहीं, असें यांचोला जाहीर करावें लागलें. आणि अर्थातच त्यामुळें तो संबंध सर्वांच्या ध्यानांत आला. १९७२ सालच्या चित्रपटाचें नांव त्यानें पेतेफी ह्या राष्ट्रकवीच्या कवितेवरून घेतलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या शेतमजुरांच्या चळवळीवरील हा सुमारें दीड तासाचा चित्रपट तीसहूनही कमी अखंड दृश्यांत बांधलेला आहे. त्यांत संवाद थोडे; स्त्री-पुरुष फेर धरून गातात, कॅमेरा त्या फेरांतून नाचऱ्यासारखा फिरत राहतो. एका प्रसंगीं बंदुका टाकून शिपाईही त्या नाचांत मिसळतात. मग कर्णा वाजतो. शिपाई एक एक करून मागें सरतात, फेराभोंवतीं दुसरा फेर धरतात, आणि गोळ्या झाडतात. गाण्याचा फेर आणि सत्तेचा वेढा ह्या दोन वर्तुळांत अंतर किती थोडें, हें एकही शब्द न उच्चारतां येथें सांगितलें गेलें. ह्या चित्रपटासाठीं कान येथील महोत्सवांत यांचोला उत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला.

योगायोग असा कीं, त्याच १९७२ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस फेरेंत्स शेबो आणि बेला हाल्मोश ह्या तरुणांनीं बुडापेस्टमध्यें पहिलें ‘नृत्यघर’ भरविलें. ट्रान्सिल्व्हेनियांतील सेक गांवीं नाच होतो तसाच येथें व्हावा, त्यांत प्रेक्षक कोणी नसावा, येईल त्यानें नाचावें, एवढाच त्यांचा संकल्प. १९२० च्या तहानें हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला होता. बार्टोकचें जन्मगांव आणि हें सेक गांव दोन्ही आतां रुमानियांत आहेत. सीमेपलीकडील गाणें शहरी तरुणांनीं आपलें म्हणून जवळ केलें, तें सरकारच्या आज्ञेनें नव्हे. २०११ सालीं युनेस्कोनें ह्या चळवळीची परंपरा-संरक्षणाचा आदर्श म्हणून नोंद केली. मार्ता शेबेश्त्येन ह्या गायिकेचा आवाज ‘द इंग्लिश पेशंट’ ह्या १९९६ सालच्या चित्रपटांतून जगभर गेला, तो ह्याच चळवळींतून पुढें आलेला.

१९६० नंतरच्या दशकांत तरुण चित्रपटकारांना प्रयोग करण्यासाठीं एक स्टुडिओ मिळाला. त्यांतील चित्रपट लोकांना दाखविलेच पाहिजेत असें बंधन नव्हतें. म्हणून इतरत्र अशक्य असें धाडस तेथें शक्य झालें. ह्या स्टुडिओला नांव दिलें होतें बेला बालाजचें. जें नांव जाहिरातींतून आणि नामावळींतून पुसलें गेलें होतें, तें आतां दारावर लागलें. ह्याच दारांतून बेला टार हा तरुण आंत आला आणि बाविसाव्या वर्षीं त्यानें घराच्या टंचाईनें पिळून निघालेल्या एका कुटुंबावर आपला पहिला चित्रपट काढला.

टारच्या पुढील चित्रपटांत संगीतकार मिहाय वीग आणि कादंबरीकार लास्लो क्रास्नाहोर्काई हे त्याचे कायमचे सहकारी झाले. वीगचें संगीत चित्रीकरणापूर्वींच तयार असे, आणि चित्रण चालू असतां तें वाजविलें जाई. नटांचें चालणें आणि कॅमेऱ्याचें सरकणें त्या लयीवर बेतलें जाई. १९९४ सालचा ‘सैतानाचा टँगो’ सात तासांहून अधिक चालतो. त्यांत मोडकळीस आलेल्या वसाहतींतील माणसें गुत्त्यांत ॲकॉर्डियनच्या एकाच चालीवर झिंगून नाचत राहतात. फाब्रीच्या लग्नघरांत नाच ही मुक्ति होती, यांचोच्या माळावर ती आशा होती. टारच्या गुत्त्यांत ती फक्त सवय उरली आहे. जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास ह्या तीन नाचांत वाचतां येतो.

२००० सालच्या ‘वेर्कमाइस्टर स्वरसंगति’ ह्या टारच्या चित्रपटांतील प्रश्न तर महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. त्यांत एस्तेर नांवाचा एक वृद्ध संगीतज्ञ म्हणतो कीं, सतराव्या शतकांतील आंद्रेआस वेर्कमाइस्टर ह्यानें सप्तकाची सोईस्कर वांटणी रूढ केली आणि निसर्गशुद्ध स्वर कायमचे हरवले. सारें पाश्चात्य संगीत ह्या तडजोडीवर उभें आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हाच दोष बाजाच्या पेटींत दाखविला होता, आणि क्लेमेंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्यानें बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली होती. १९४० पासून सुमारें तीन दशकें भारतीय नभोवाणीनें पेटीला दार बंद केलें, त्याच्या मुळाशीं हीच तक्रार होती. चित्रपटांतील एस्तेर शुद्ध स्वरांचा हट्ट धरून घरांत बसतो, आणि बाहेर जमाव रुग्णालय उद्ध्वस्त करतो. अखेरीस त्याला आपला पियानो पुन्हां लोकांच्या सुरांत लावून घ्यावा लागतो. शुद्धतेचा ध्यास आणि माणसांचा सहवास ह्यांत निवड करावयाची वेळ आली तर काय करावें, हा प्रश्न चित्रपट प्रेक्षकाच्या पदरांत टाकून जातो.

२०११ सालच्या ‘तुरिनचा घोडा’ ह्या चित्रपटांत तर एक बाप, एक मुलगी, उकडलेला बटाटा, सोसाट्याचा वारा आणि वीगची पुनःपुन्हां परतणारी एकच सुरावट एवढेंच उरतें. हा आपला अखेरचा चित्रपट, असें टारनें जाहीर केलें. २०२१ सालीं गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानें ‘मेफिस्टो’कार इश्तवान साबो ह्याला सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार दिला, २०२५ सालीं क्रास्नाहोर्काईला साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. हंगेरीच्या चित्रपटांची ओळख करून घेऊं इच्छिणाऱ्यानें ह्या मानसन्मानांपासून आरंभ करावयास हरकत नाहीं. परंतु चित्रपट पाहण्यापूर्वीं एखादें जुनें ध्वनिमुद्रण ऐकावें. मेणाच्या नळकांड्याची खरखर प्रथम कानावर येते. तिच्या आडून एक अनोळखी बाई पांच स्वरांत गाऊं लागते. बार्टोकनें टिपून ठेवलें नसतें, तर त्या बायांचीं गाणीं त्यांच्याबरोबरच गेलीं असतीं. आणि बालाजचें नांव गाळून प्रयोग झाला असता, तर त्याची उणीव कोणाला जाणवली असती? एका देशाच्या कलेचा इतिहास पुष्कळदां अशा न पुसल्या गेलेल्या नांवांवरच उभा असतो.